सोनीचे भेदरे

भेदरे म्हणजे टमाटे. पण १९५७ साली कोसमटोल्याच्या मासेमार ढिवरांच्या मोहल्ल्यात कुणी टमाटे असा शब्द काढला असता, तर लोकांनी त्याला चांद्याचा साहेब समजून खाट टाकून बसवलं असतं. त्या मोहल्ल्यात भेदरे लावायच्या सगळ्याच बाया. पण रोप ओळखावं ते गोकुळानं. दोन पानांचं, करंगळीएवढंही नसलेलं पोर पाहून ती सांगायची, हे कुणाच्या घरचं, केव्हा फळेल आणि किती दिवस टिकेल. सांगायची म्हणजे मनातल्या मनात. तोंडानं ती काही सांगेल तर शपथ. चाळिशी उलटलेली, उंच, काटक बाई; नवरा झिंगू डोंगा घेऊन वैनगंगेवर गेला की ही वाडीत बसून रोपांकडे पाहत राहायची आणि कुणी विचारलंच, तर "चाललं आपलं" म्हणून पदर खोचायची. आपल्याला येतं ते दुसऱ्याला कळू नये, असा तिचा हावरटपणा नव्हता. पण सांगून काय होतंय, ज्याचं त्याला दिसलं पाहिजे, असा एक ताठा होता. पुढं तोच तिच्या अंगाशी आला.

दसरा झाला की वैनगंगा उतरते आणि काठाला गाळाची पट्टी उघडी पडते. त्यातली वीस पावलं गोकुळाची. वीस पावलांत सगळंच लावता येत नाही, म्हणून कोणतं रोप गाळात जाईल आणि कोणतं जाणार नाही, याचा निवाडा आधी वाडीतल्या वाफ्यात व्हायचा.

तिच्याकडे भेदरे चार जातींचे. एक बंगल्याचे, म्हणजे जंगल खात्याच्या बंगल्यावरच्या माळ्यानं कधीतरी दिलेले. फळ चपटं आणि मोठं, रोप असं जाडजूड की चौथ्याच दिवशी माती फोडून छाती काढून उभं. दुसरे घोसाचे, बोराएवढे, पण रोप काळंहिरवं, कुठंही टाका, वाढणारच. तिसरे पिवळे, रोप जरा फिकट, पण पाणी मिळालं की तरारायचं. आणि चौथे सोनीचे; लागायचे सोनीच्या वाडीत, बी ठेवायची मात्र गोकुळा.

सोनीच्या रोपांसारखी रडकी रोपं त्या मुलखात नसतील. नवव्या-दहाव्या दिवशी कशीबशी वर यायची, देठ दोऱ्यासारखा, रंग जांभळट, आणि दुपारचं ऊन आलं की मान टाकलीच. पाहणाऱ्याला वाटावं, उद्या सकाळपर्यंत काही राहत नाहीत. गोकुळा सोनीला चिडवायची की तुझी रोपं माहेरवाशिणीसारखी रुसतात. सोनीबाई तिची शेजारीण, आणि शेजारणीपेक्षा पुष्कळ जास्त. दोघी एकाच साली त्या मोहल्ल्यात नांदायला आल्या, एकाच वाटेनं डोक्यावर मासळीच्या टोपल्या घेऊन गोंडपिपरीच्या बाजाराला वीस वर्षं गेल्या. चिडवलं की सोनी म्हणायची, चैतात ये. आणि खरंच, चैतात उन्हानं बंगल्याचे करपायचे, पिवळे वाळायचे, घोसाच्यांचे नुसते दांडे उरायचे, तेव्हा सोनीची ती रडकी झाडं फळांनी लदलेली असायची. अंगावर उभ्या खाचा पडलेलं, आंबटढाण फळ. मासळीच्या रश्शात एक टाकलं की चिंचेचं नाव नको.

सोनी त्या वर्षी वैशाखात तापानं गेली. मुलगी कमळा, तिचं लग्न महिन्यापूर्वीच झालेलं. पण घरी बाप एकटा, म्हणून दिवाळीपर्यंत तिला इथंच ठेवायचं ठरलेलं. आजारपणात वाडीकडे कुणी पाहिलं नाही, बकऱ्यांनी उरलीसुरली झाडं खाल्ली. शेवटची चार फळं गोकुळानंच तोडून आणली होती. सोनीनं ती हातात घेऊन पाहिली आणि म्हणाली, "कमळीले माहे भेदरे देजो. बी नोको देऊ, तिले जमणार नाई. रोप देजो." गोकुळानं हो म्हटलं. दुसरं बोलणं झालंच नाही.

आता हे बी ठेवायची गोकुळाची पद्धत. पिकलेल्या फळाचा गर शेणात आणि राखेत कालवायचा आणि हातानं पडवीच्या भिंतीवर थापी मारायची. कीड लागत नाही, उंदीर तोंड लावत नाही. चार जातींच्या चार थाप्या, आणि कोणती कुणाची ते ओळखायला थापीवर बोटांचे ठसे. त्या ठशांचा अर्थ एकट्या गोकुळाला ठाऊक. झिंगूला वीस वर्षांत त्या थाप्यांमध्ये काही आहे हेच कळलं नव्हतं.

मग सुनेला कसं कळणार? मुलगा दिवसभर बापाबरोबर डोंग्यावर; त्याची बायको गिरजा आषाढात नांदायला आली. आडगावची, तलावाकाठची, धानाच्या रोवण्यात वाढलेली. नवी नवरी, तिला वाटे काहीतरी असं करावं की सासू एकदा बरं म्हणेल. पण गोकुळा ना बरं म्हणे, ना वाईट. पोळा तोंडावर आला तसं गिरजानं मनावर घेतलं. सासू नदीवर गेलेली पाहून तिनं पडवीची भिंत खरवडून काढली, पांढऱ्या मातीनं अशी पोतारली की शेजारच्या बाया पाहायला आल्या. खरवडलेलं शेण वाया जाऊ नये म्हणून टोपलीत भरून ठेवलं, अंगण सारवायला कामी येईल. गुणाची पोर.

गोकुळा आली तेव्हा गिरजाच्या एका हातात पाण्याची घागर आणि समोर ती टोपली. घागर कलणार तोच गोकुळानं तिचा हात धरला. टोपलीतले तुकडे बोटांनी कुस्करून पाहिले. चारही थाप्यांचा भुगा एक झाला होता. ओरडली असती तर बरं झालं असतं. टोपली उचलून आत घेऊन गेली. गिरजा भिंतीकडे पाहत उभी राहिली, की आता हिच्यात काय कमी पडलं.

गोकुळाला राग आला होता, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. सोनीचं बी जगात एवढंच, आणि ते या भुग्यात. निवडून काढायचं तर भेदऱ्याचं बी सगळं सारखंच दिसतं. रोपं येतील तेव्हा त्यांच्या अंगापिंडावरूनच ओळखावं लागणार. पोळा सरल्यावर तिनं वाफा केला, भुगा त्यात पसरला आणि रोज सकाळी उकिडवी बसून उगवणाऱ्या प्रत्येक रोपावर नजर ठेवू लागली.

चौथ्या दिवशी जाडजूड पोरं वर आली. ती बंगल्याची. पाचव्याला काळीहिरवी आली, सहाव्या-सातव्याला फिकट. इथपर्यंत सगळं ठीक होतं. नवव्या दिवसापासून बारीक, जांभळट काड्या डोकं काढू लागल्या. गोकुळाचा जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही. कारण दाटीत वाढलेलं, उपाशी राहिलेलं कोणतंही रोप जांभळं पडतं आणि मागं राहतं. पिवळ्याचं मरतुकडं पोर आणि सोनीचं चांगलं पोर, दोघं शेजारी उभी केली तर गोकुळाचीसुद्धा नजर डगमगे. दुपारी मान कोण टाकतं ते तिनं पाहिलं, एक दिवस पाणी तोडून पाहिलं, पान चुरडून वास घेतला. शेवटी ज्यांच्यावर संशय होता अशी एकोणीस रोपं तिनं धरली आणि खूण म्हणून प्रत्येकाच्या बुडाशी माशाचा एकेक काटा खोसला. ढिवराच्या घरात काट्यांना तोटा नसतो.

याच दिवसांत घनश्यामबाबू आले. ब्लॉकचे नवे ग्रामसेवक, नागपूरकडचे, सायकलवर पेटी बांधून गावोगाव फिरणारे. माणूस भला, फक्त त्याला मोजायची फार हौस. त्यांनी सरकारी बियाण्याची पुडी आणली होती, आणि तुमच्या रोपांशी तुलना करून पाहू म्हणाले. वाफ्यात बसून पट्टीनं उंची मोजली, पानं मोजली, देठ चिमटीत धरून पाहिले, सगळं वहीत लिहिलं. बंगल्याच्या रोपांना त्यांनी पहिला नंबर दिला. काटेवाल्या रोपांपाशी आले तेव्हा मान हलवून म्हणाले की ही मरतुकडी काढून टाकलेली बरी. जोमदार रोपांचं खाणं खातात, आणि जे रोप लहानपणी उभं राहत नाही ते पुढं काय देणार?

याचं उत्तर गोकुळाच्या ओठावर होतं. चैतात या, एवढंच म्हणायचं. पण सरकारी माणसाला कशाला शिकवा म्हणून ती नुसती हसली आणि मान डोलावली. दारात गिरजा उभी होती. तिनं घनश्यामबाबूंचं बोलणं ऐकलं, सासूची डोललेली मान पाहिली आणि काटे पाहिले.

तिच्या माहेरी धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, उपटताना हेच करतात. मरतुकडं रोप बांधावर फेकायचं, धडधाकट तेवढं चिखलात जायचं. लहानपणापासून केलेलं काम. पुढच्या बाजाराच्या दिवशी गोकुळा टोपली घेऊन गोंडपिपरीला गेली आणि गिरजानं वाफा साफ करायला घेतला. सासूनं कुठली काढायची ती खूणही करून ठेवली होती. एकोणीसच्या एकोणीस रोपं तिनं काट्यासकट उपटली आणि उकिरड्यावर टाकून आली.

दुपार कलली तेव्हा गोकुळा परतली. वाफ्यात दाटी नव्हती, उरलेली रोपं ऐटीत उभी होती. गिरजा हात धुऊन, पदर सावरून जवळच थांबलेली, आज तरी काही बोलतील म्हणून. गोकुळानं वाफा पाहिला, पुन्हा पाहिला आणि खाली बसून काटे शोधले. कुठं टाकली, एवढंच विचारलं. उकिरडा ऐकताच ती उठून जवळजवळ धावली. कोंबड्यांनी निम्मा ढीग उकरला होता. दोघींनी मिळून शोधलं तेव्हा अकरा सापडली, चिंधीसारखी लोळागोळा झालेली. बाकीची गेली.

गोकुळानं ती घागरीच्या पाण्यात बुडवली. मग पेरूच्या सावलीत ओल्या गाळाचा चिखल केला आणि रोपं उभी न लावता आडवी निजवली, फक्त शेंडा बाहेर ठेवून. वर मासळीची टोपली पालथी घातली. गिरजा रडत होती, पण आवाज न करता, आणि हातानं पाणी देत होती. गोकुळानं तिच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदा विचारलं, तू हे काऊन केलं?

"तुमी काटा खोसला व्हता, आत्याबाई," गिरजा म्हणाली. "बाबू म्हणाले मरतुकडे काढा, तुमी मान डोलावली. मले वाटलं, तुमी खूण करून ठेवली. म्हटलं, तुमी येसान अन् म्हणसान, पोरीनं काम उरकलं."

पोरीनं पडवीची भिंत खरवडली ती सासूनं बरं म्हणावं म्हणून, रोपं उपटली तीही त्याचसाठी. आणि दोन्ही वेळा ठाऊक असलेलं माणूस मूग गिळून बसलं होतं. सोनीला दिलेला शब्द या पोरीनं नाही, आपणच मोडत आणला, हे तिला आता लख्ख दिसलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

"तू नाई चुकली," ती म्हणाली. "म्याच सांगतलं नाई."

आणि मग ती सांगू लागली. चिखलानं भरलेल्या हातांनी, तिथंच बसून. सोनी कोण होती, कमळीला काय द्यायचं कबूल केलंय, ठसे कसे ओळखायचे, चैतात काय होतं. भेदऱ्याचं रोप मेलं की नाही ते पानावरून नाही तर देठावरून पाहायचं, देठ नखाला हिरवा लागला तर जीव आहे. त्याला आडवं निजवलं की देठालाच मुळ्या फुटतात. झिंगू जाळं घेऊन घरी आला तेव्हा चूल पेटलेली नव्हती आणि त्याची बायको बोलत होती. तो बाहेरच खाटेवर बसून राहिला. इतकं बोलताना त्यानं तिला लग्नापासून ऐकलं नव्हतं.

चौथ्या दिवशी टोपली काढली तेव्हा नऊ शेंडे वर उचललेले होते. गिरजानं नऊ पुन्हा मोजले.

दिवाळी झाली आणि कमळाच्या सासरची बैलगाडी आली. गाव लांबचं, दीड दिवसाच्या वाटेवर. आदल्या दिवशी गिरजानं हळूच सुचवलं होतं की दोन रोपं आपल्याला ठेवू, म्हणजे बी मोडणार नाही. गोकुळानं तोही विचार करून पाहिला होता. पण खरी असतील तीच दोन इथं राहिली आणि कमळीच्या पदरात पिवळ्याची पोरं पडली तर? ओळखता येत नव्हतं तर सगळीच द्यायला हवी होती. नऊही रोपं मातीसकट फुटक्या गाडग्यात बसवून ती कमळाकडे घेऊन गेली. त्यातली दोन तेव्हाही मान टाकून होती.

वाटेत तिनं स्वतःला बजावलं होतं की आईवेगळी पोर निघाली आहे, तिला आज नसतं काही सांगायचं नाही, ही तुझ्या मायची म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पण कमळा समोर आली, आणि तिनं गाडगं दोन्ही हातांत असं घेतलं की गोकुळाच्यानं खोटं बोलवेना.

"कमळे, याच्यात तुह्या मायचे किती हायेत, मले सांगता येत नाई," ती म्हणाली. "समदे असन. नाईतर एकही नसन. आमच्या हातून मिसळले."

कमळानं गाडग्यात वाकून पाहिलं. काड्यांसारखी नऊ रोपं. त्यांच्यात आई कुठं दिसते का, असं तिचं पाहणं होतं. मग म्हणाली, "मायच्या रोपांकडं मी कधी पायलंच नाई, मावशी. मी फकत भेदरे खाल्ले."

गाडी निघाली. तिनं गाडगं मांडीवरून खाली ठेवलं नाही, एवढं गोकुळानं वळणापर्यंत पाहिलं.

मग नुसतं थांबणं आलं. माघात गोकुळाच्या गाळात बंगल्याचे लाल झाले, घनश्यामबाबूंनी येऊन एक फळ तोललं आणि खूश होऊन गेले. सरकारी पुडीचेही चांगले आले. गोकुळानं ते मोकळेपणानं कबूल केलं. फाल्गुनात पिवळे सरले. कमळाकडून काही निरोप नाही. दर बाजाराला गोकुळा त्या बाजूची माणसं शोधायची, कमळी कशी आहे विचारायची, बरी आहे ऐकायची आणि भेदऱ्यांचं विचारायचं धाडस न होऊन परत यायची. गिरजाला हे कळत होतं. ती घरी आल्या-आल्या सासूच्या तोंडाकडे पाहायची आणि न विचारता पाण्याचा तांब्या पुढं करायची. वीस पावलांची पट्टी उन्हानं भेगाळली. घोसाच्यांचे दांडे झिंगूनं जळणाला आणले.

चैत अर्धा झाला होता. बाजारात लटारू नावाचा, कमळाच्या सासरकडचा, डांगरं विकायला बसलेला माणूस गोकुळाला पाहून उठला आणि त्यानं पळसाच्या पानांत बांधलेलं काहीतरी तिच्या हातात दिलं. कमळीनं धाडलं, म्हणाला. निरोप असा की नऊपैकी पाच उन्हानं गेली, दोन झाडांना फळ लागून झाडं केव्हाच वाळली, आणि दोन अजून उभी आहेत, लदलेली आहेत.

गोकुळानं तिथं सोडून पाहिलं नाही. टोपली विकून होईस्तोवर थांबलीही नाही. उरलेली मासळी शेजारणीच्या हवाली केली आणि त्या टळटळीत उन्हात घरचा रस्ता धरला. पडवीत बसून तिनं पानं उलगडली. तीन भेदरे होते. लाल, खोल खाचांचे, देठापाशी हिरवे राहिलेले. गिरजा मिठाचा खडा घेऊन धावली.

गोकुळानं एक फोडला आणि अर्धी फोड तोंडात टाकली. आंबटपणानं तिचं सगळं तोंड आवळलं, डोळे मिटले आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. सोनी गेली त्या दिवशी रडायला वेळ मिळाला नव्हता. घर लोकांनी भरलेलं, कमळी सांभाळायची होती. ते सगळं आता आलं. तिनं ते पुसलं नाही.

"लय आंबट वो सोने तू," ती म्हणाली, "अजूनबी."

उरलेली फोड तिनं सुनेला दिली. गिरजानं खाल्ली, तिचंही तोंड वेडंवाकडं झालं आणि दोघी एकमेकींकडे पाहून हसू लागल्या. मग गोकुळानं राहिलेले दोन्ही भेदरे उचलून गिरजाच्या ओंजळीत ठेवले आणि म्हणाली की यांचं बी तू काढ, तुझ्या हातानं.

गिरजानं ओंजळ जपून धरली. "आत्याबाई, पुन्हा माह्या हातून चुकलं त?"

"त कमळीले मागू," गोकुळा म्हणाली.